साडूंनी नापास केलेली घरं

जगात दोनच प्रकारची घरं असतात, असं आमच्या साडूंचं ठाम मत होतं: ज्यांच्या रंगात शिसं सापडलं आहे अशी, आणि जी साडूंनी अजून पाहिलेली नाहीत अशी. तिसरा प्रकार त्यांनी कधी मान्य केला नाही. नव्वदीच्या दशकात दुबई-शारजात आमच्या ओळखीच्या मराठी कुटुंबांची जेवढी म्हणून घरं होती, त्या प्रत्येक घरात दारामागे, खिडकीच्या चौकटीवर किंवा स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या आतल्या बाजूला मसुराच्या दाण्याएवढा एक काळा डाग असायचा. साडू येऊन गेल्याची ती खूण. पाहुणा घरात आला की आधी बसतो, पाणी घेतो, एसी वाढवायला सांगतो. साडू चपला काढता काढताच चौकटीला नख लावत. पोपडा निघाला की तो उजेडाकडे धरत आणि यजमानाकडे असं बघत, की त्या बिचाऱ्याला आपण घरात काय लपवून ठेवलंय ते आठवावंसं वाटे.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, ताईचे, यजमान. बायको आपण पसंत करून आणतो, सासू-सासरे तिच्याबरोबर येणार हेही ठाऊक असतं. पण साडू म्हणजे दुसऱ्याच कोणाच्या तरी पसंतीची फळं. ती आपण आयुष्यभर खायची. आमच्या सासऱ्यांनी साडूंना पसंत केलं तेव्हा म्हणे त्यांनी सासऱ्यांच्या बैठकीतल्या भिंतीवर टिचकी मारून 'गिलावा पोकळ आहे' असं सांगितलं होतं. सासऱ्यांना वाटलं, मुलगा स्पष्टवक्ता आहे. मुलानं अजून बोलायला सुरुवातही करायची होती, हे त्यांना कसं कळणार?

दुबईत साडू जहाजदुरुस्तीच्या एका गोदीत इन्स्पेक्टर होते. कसले, तर रंगाचे. जहाजाच्या पोटाला रंग द्यायच्या आधी लोखंड नीट घासलं आहे की नाही, थर पुरेसा जाड बसला आहे की नाही, कुठे ओघळ आहे, कुठे फोड आलाय, हे बघायचं आणि नापास करायचं. पास करणंही त्यांच्या कामात बसत असावं, नाहीतर गोदीतून एकही जहाज पाण्यात उतरलं नसतं. पण त्याबद्दल ते घरी कधी बोलले नाहीत. "आज एक टँकर परत खरवडायला लावला," हे मात्र जेवताना ते अशा समाधानानं सांगत, की ताई त्यांना न विचारता आणखी भात वाढत असे. त्यांची गाडी गेटातून आत आली की शंभर रंगारी उभे राहतात, असं ते म्हणत. मी एकदा तिथल्या एका माणसाला विचारलं. तो म्हणाला, उभे राहतात हे खरं, पण लपायला जागा शोधायला.

त्यांच्या शर्टाच्या खिशात एक लहान बाटली असे. तिच्यात सोडियम सल्फाइडचं पाणी. जुन्या रंगावर नखानं ओरखडा काढायचा आणि त्यावर एक थेंब टाकायचा. रंगात शिसं असेल तर थेंब पडला तिथं काळं होतं. परीक्षा सोपी, पण त्या बाटलीचं बूच उघडलं की नासक्या अंड्याचा भपकारा सुटे. शारजात रोल्लाला आमच्या एका मित्रानं नव्या फ्लॅटमध्ये सत्यनारायण घातला होता. फ्लॅट त्याला नवा, इमारत जुनी. कथेचा तिसरा अध्याय चालू असताना साडू चौरंगामागच्या खिडकीशी गेले. मी डोळ्यांनी 'नको, नको' म्हणत होतो. तेवढ्यात बूच उघडलं. खोलीतल्या साठ माणसांनी एकमेकांकडे पाहिलं. मित्राच्या आईनं धावत जाऊन शिऱ्याचं पातेलं हुंगलं. गुरुजींनी कथा थांबवली नाही, पण उपरण्याचं टोक नाकाला लावल्यामुळे साधुवाण्याचं जहाज कुठल्या बंदराला लागलं ते त्या दिवशी कोणाला कळलं नाही. प्रसाद कोणीच खाल्ला नाही. साडूंनी तेवढा दोनदा घेतला आणि यजमानाला म्हणाले, "शिरा उत्तम. खिडकी नापास."

देवही त्यांच्या हातून सुटले नव्हते. सुट्टीत गावी गेले की सासुरवाडीच्या मारुतीसमोर हात जोडून उभे राहत आणि डोळे न मिटता म्हणत, "शेंदूर म्हणजे शिसंच. आमच्या लोखंडाला पहिला हात याचाच असतो. पण आम्ही खाली घासून घेतो! इथे तेलावर तेल, थरावर थर. एक दिवस सगळं एकदम सुटून येईल." एकदा पुजाऱ्यानं शांतपणे सांगितलं, "येतं की. मग आम्ही पुन्हा लावतो." साडू त्यावर आठवडाभर धुमसत होते.

आणि या माणसाचं स्वतःचं घर? कंपनीनं दिलेल्या त्या फ्लॅटसारखं दळभद्री घर मी वाळवंटाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिलेलं नाही. आल्या आल्या त्यांनी सगळा जुना रंग ओला करून काढून टाकला, भेगांत लांबी, म्हणजे पुट्टी, भरली, आणि पुढे कुठलाच रंग त्यांच्या पसंतीस न उतरल्यामुळे भिंती तशाच राहिल्या. त्या पांढऱ्या-करड्या चट्ट्यांनी घराला गजकर्ण झाल्यासारखं दिसायचं. ताईनं जमेल तिथे कॅलेंडरं लावली होती. त्यांच्याकडे एकाच वेळी चार वर्षांची कॅलेंडरं भिंतीवर असत आणि पाहुण्यांचा तारखेचा घोळ होई. "यांना विचारलं रंग कधी देणार," ताई म्हणे, "तर म्हणतात, घाईचं काम नाही. लग्नात मात्र घाई झाली माझी."

अशा माणसाला घर दाखवायला नेऊ नये, एवढी अक्कल मला होती. पण वेळच तशी आली. आम्ही तेव्हा रोल्लाला एका फ्लॅटमधल्या एका खोलीत राहत होतो. दुसऱ्या खोलीत दुसरं कुटुंब, स्वयंपाकघर सामायिक. बायकोला दिवस गेले होते. आणि दुबईत अल मनखूलला एक जुनी बैठी व्हिला रिकामी झाल्याचं कळलं. विकत घर आम्हा परदेशी लोकांना त्या काळी मिळतच नसे. 'घर घेतलं' म्हणजे भाड्यानं घेतलं. ही व्हिला जुनी म्हणून आमच्या आवाक्यात होती. तीन खोल्या, मागे अंगण, अंगणात कडुनिंबाचं झाड. बायकोनं ते झाड पाहिलं आणि घर पाहायचं काही शिल्लक राहिलं नाही.

"भाऊजींना एकदा दाखवू या," ती म्हणाली.

"त्यांना दाखवून पास झालेलं एक घर सांग," मी म्हणालो.

"म्हणूनच. बाळ येणार आहे. असेल काही तर कळू दे."

शुक्रवारी सकाळी साडू ताईला घेऊन आले. व्हिलाचा मालक, साठीचा एक भारदस्त अरबी गृहस्थ, चहाचा थर्मास घेऊन स्वतः हजर होता. साडूंनी त्याला सलाम केला आणि सरळ घरात शिरले. दारं, चौकटी, खिडक्यांच्या जाळ्या, सगळ्यांवर पिढ्यान्‌पिढ्यांचा तेलरंग. वरचा हिरवा, त्याच्या खाली पिस्ता, खाली पांढरा. जाळ्यांना तर सगळ्यात आत भडक शेंदरी. साडूंचे डोळे लकाकले. इतक्या थरांचं घर त्यांना जन्मात मिळालं नव्हतं. एका थेंबात पांढरा काळा पडला. दुसऱ्या थेंबात दुसरी चौकट. मालक नाक धरून बघत होता.

"मुहंदिस," साडूंना इंजिनिअर समजून तो शेवटी म्हणाला, "ये घर में हमारा सात बच्चा बडा हुआ. सब मजबूत."

"सातों का खून टेस्ट किया?" साडूंनी विचारलं.

मालकानं थेंबांच्या डागांकडे पाहिलं, साडूंकडे पाहिलं आणि माझ्याकडे वळून म्हणाला, "हबीबी, घर तुम लेगा, की ये?"

साडूंनी बाटलीचं बूच लावलं, रुमालाला हात पुसले आणि आम्हाला अंगणात बोलावून निकाल दिला. भिंतींचा चुन्याचा रंग ठीक. लाकूड आणि लोखंड, सगळं नापास. हा रंग सुटतो, त्याची पूड होते, ती जमिनीवर पडते. रांगणारं मूल हात जमिनीला लावणार आणि तोच हात तोंडात घालणार. "मोठ्या माणसाला काही होत नाही म्हणत नाही मी. पण लहान मुलाच्या मेंदूला शिसं फार वाईट. ह्यात मूल आणायचं नाही. विषय खलास."

माझ्या मस्तकात तिडीक गेली. या माणसानं असंच सांगून लोकांची किती घरं मोडली होती! पण मी तोंड उघडायच्या आत बायको म्हणाली, "बरं. मग पास कसं करायचं ते सांगा."

साडू गोंधळले. "पास? पास करायचं म्हणजे?"

"म्हणजे घर तर आम्ही घेणार. रोल्लाच्या त्या खोलीत मी बाळ आणणार नाही. तुम्हाला विष दिसतंय ना, भाऊजी? मग काढा ते."

साडूंच्या अख्ख्या कारकिर्दीत हा प्रश्न त्यांना कोणी विचारला नव्हता. गोदीत ते नापास म्हणत आणि चहाला निघून जात. पुढचं सगळं दुसरी माणसं करत. ताई मागे उभी होती. तिनं पदर तोंडाला लावला होता, आणि ती रडत नव्हती.

पुढच्या शुक्रवारी साडू आले ते पांढरा डगला, रबरी हातमोजे आणि नाकातोंडावर दोन डबे लावलेला मुखवटा घालून. शेजारच्या व्हिलातल्या बाईंनी गॅस फुटला समजून मुलांना आत ओढलं. बायकोला त्यांनी फाटकाच्या आतही येऊ दिलं नाही. काम संपेपर्यंत तिनं ताईकडे राहायचं, असा हुकूम सुटला. मग बाळाच्या खोलीपासून त्यांनी सुरुवात केली. जमिनीवर प्लास्टिक अंथरायचं, चौकट पाण्यानं भिजवायची, भिजवून खरवडायची, खरवडलेलं सगळं ओलं असतानाच पिशवीत भरून बांधायचं. धुळीचा कण उडू द्यायचा नाही. हे काम त्यांनी इतकं चोख केलं, की मला त्यांच्याविषयी आदर वाटू लागण्याची भीती निर्माण झाली. पण ती फार टिकली नाही, कारण खरवडणं संपलं आणि रंगवणं सुरू झालं.

आमचे साडू आयुष्यभर जगातल्या रंगाऱ्यांना नापास करत आले होते. पण त्यांनी स्वतः कुंचला कधी हातात धरला नव्हता! पहिल्या दारावर त्यांनी रंग असा लावला, की दार घामाघूम झाल्यासारखं दिसत होतं. दुपारी वाळल्यावर ते टॉर्च घेऊन आले, उजेड तिरका पाडून वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि गर्जले, "कोणी केलंय हे?"

घरात आम्ही दोघंच होतो.

ते खाली बसले. म्हणाले, "ओघळ आहेत. नापास." आणि पुढच्या शुक्रवारी सगळं पुन्हा घासलं.

असे किती शुक्रवार गेले ते विचारू नका. एका खेपेला सुरकुत्या, एका खेपेला ओल्या रंगावर वाळूचा वारा, एका खेपेला अडकलेला डास. तो डास चार फुटांवरून कोणाला दिसला नसता, पण साडूंना तो झोपेत दिसत होता. मी म्हणालो, रंगारी बोलावू या. ते म्हणाले, "रंगारी? त्यांच्यावर लक्ष कोण ठेवणार?" मी म्हणालो, तुम्ही. ते म्हणाले, "मग ते पास कसे होतील?" घरी जाऊन ते गोदीतल्या रंगाऱ्यांविषयी हल्ली जरा कमी बोलतात, असं ताईनं सांगितलं. "परवा म्हणाले, उन्हात हात थरथरतो गं. पंधरा वर्षांत पहिल्यांदा कळलं त्यांना, की ब्रशच्या दुसऱ्या टोकाला माणूस असतो."

बाळ काही साडूंच्या शेऱ्यासाठी थांबलं नाही. मुलगी झाली. तिला घेऊन आम्ही व्हिलात राहायला गेलो तेव्हा सगळ्या घरातलं शिसं केव्हाच निघून गेलं होतं, साडूंनी थेंब टाकून टाकून त्याची खात्री केली होती. पण मुलीच्या खोलीचं दार अजून 'पास' नव्हतं. म्हणून आम्ही तिघंही बाहेरच्या हॉलमध्ये झोपत होतो आणि घरातली सगळ्यात चांगली खोली कुलपात होती. बायको दोन आठवडे गप्प बसली. मग एका दुपारी तिनं कुलूप काढलं, पाळणा आत ओढला आणि मुलीला त्यात झोपवलं.

शुक्रवारी साडू आले. बाटली, टॉर्च, डगला, सगळं घेऊन खोलीकडे गेले आणि दारातच थांबले. मला वाटलं, आता आरडाओरडा होणार. पण त्यांनी टॉर्च खिशात घातला, पायातले बूट काढले, आणि त्या ढगळ डगल्यात चवड्यांवर चालत पाळण्यापर्यंत गेले. बराच वेळ वाकून पाहत होते. बाहेर आल्यावर मी छद्मीपणानं विचारलं, "काय, ओघळ आहेत का?"

"नाकानं जरा आईसारखी आहे," ते म्हणाले, आणि हात धुवायला गेले.

त्या व्हिलात आम्ही सात वर्षं राहिलो. साडू दर शुक्रवारी येत. कधी जाळीला हात मार, कधी फाटकाची बिजागरी बघ, कधी उंबऱ्याशी उकिडवे बसून पुटपुट. मुलगी त्यांच्या मागे मागे हिंडे. ते तिला मराठीत शिसं किती वाईट ते सांगत, आणि ती इंग्रजीत "आय नो, काका, आय नो" म्हणत तोंडातून बोट काढे. मला त्यांची भुणभुण असह्य होई. शुक्रवारी सकाळी बेल वाजली की मी मुद्दाम स्नानाला जाई.

मग दुबईला उंच व्हायची घाई झाली. आजूबाजूच्या बैठ्या व्हिला एकेक करून गेल्या. आमचा मालकही एक दिवस थर्मास घेऊन आला आणि अवघडत म्हणाला, की मुलांना इथे मोठी बिल्डिंग बांधायची आहे. आम्ही शारजात फ्लॅट घेतला, सामान हलवलं. पाडायच्या दिवशी मी उरलेल्या कुंड्या न्यायला गेलो, तर साडू आधीच तिथे. रजा टाकून आले होते. मशीन सुरू झालं होतं आणि ते मुकादमाशी भांडत होते.

"पानी मारो पहले! छतातलं लोखंड मी बघितलं नाही, या भिंतींच्या आत काय आहे मला माहीत नाही. धूल मत उडाओ! तुम्हारा आदमी लोग सांस लेता है!"

मुकादम, एक थोराड पठाण, वैतागून म्हणाला, "चाचा, ये दुबई है. यल्ला, घर जाओ."

चाचा गेले नाहीत. अंगणातला बागेचा पाइप शोधून नळाला लावला आणि भर उन्हात, इस्त्रीच्या शर्टात, कोसळणाऱ्या भिंतींवर पाणी मारत उभे राहिले. पाण्याची धार केवढी, धुळीचा लोट केवढा! मजूर हसत होते. मीही लाजून दूर उभा होतो. पण अर्ध्या तासानं पठाणानं मशीन थांबवलं, आपल्या माणसाला हाक मारली आणि पाण्याचा टँकर जवळ घ्यायला सांगितलं. मग टँकरचा जाड पाइप सुरू झाला तेव्हा साडूंनी आपला पाइप खाली ठेवला. चपला, पँट, सगळं चिखलानं माखलं होतं.

संध्याकाळी त्यांना गाडीतून घरी सोडताना ते काही बोलत नव्हते. हे इतकं विचित्र होतं, की मीच बोलायला लागलो. आमची नवी बिल्डिंग चांगली आहे म्हणालो, लिफ्ट आहे, खाली दुकान आहे.

"रंग?" त्यांनी विचारलं.

"कोरा. आमच्याआधी कोणी राहिलेलंच नाही. पाण्यात कालवायचा रंग आहे, वासही येत नाही."

अल ताऊनचा सिग्नल लागला, सुटला. मग साडू म्हणाले, "मग आता माझं काय काम?"

या माणसाची मी इतकी वर्षं मनातल्या मनात टर उडवली, पण त्याला आमच्याकडे यायला एखादं काम लागतं, नुसतं यायचं कसं ते त्याला येत नाही, हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं. घरी येऊन बायकोला सांगितलं. तिनं लगेच फोन फिरवला.

"भाऊजी, शुक्रवारी जेवायला या."

"काही बघायचंय का?" पलीकडून आवाज आला.

"नाही. नुसतं या."

शुक्रवारी ते ताईबरोबर आले. नव्या फ्लॅटच्या दारात, हात पाठीमागे बांधून, दवाखान्यात आल्यासारखे उभे राहिले. ताई म्हणाली, "अहो, आत तरी या." ते आत आले, सोफ्याच्या कडेवर बसले. गुळगुळीत भिंतींकडे त्यांनी एकदा पाहिलं आणि पुन्हा पाहिलं नाही. हातांचं काय करायचं ते त्यांना कळत नव्हतं. कधी गुडघ्यावर, कधी खिशात. बायकोनं स्वयंपाकघरातून ते पाहिलं. ती मेथीच्या दोन जुड्या आणि एक ताट घेऊन बाहेर आली आणि काही न बोलता त्यांच्या पुढ्यात ठेवून गेली.

साडूंनी जुडीची दोरी सोडवली. एक काडी उचलली, खिडकीच्या उजेडाकडे धरली, पान उलटंसुलटं करून पाहिलं, आणि बाजूला टाकलं. मग दुसरी उचलली. त्या दिवशी आम्ही फार उशिरा जेवलो. कोणीही घाई केली नाही.